मुक्कामाची रात्र

आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्याच्या अठरा-वीस रात्री तंबूत, राहुटीत, नाहीतर एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात जातात. वैद्यकीय सेवेचा जोर मात्र दिवसा, रस्त्यावर दिसतो. माझ्या मते खरे काम रात्रीचे आहे.

पुण्याहून दिवे घाट चढून सासवड गाठेपर्यंत तीस किलोमीटर चाल होते. समाजआरती झाली, एकादशीचा फराळ पोटात गेला, की माणूस ओल्या पायांनीच आडवा होतो. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला पाच मिनिटे पुरतात. आलेला फोड फोडू नये, वरची कातडी हीच उत्तम पट्टी. मधुमेह्याच्या बधिर पायाला फोड दुखतच नाही, म्हणून त्याने रोज रात्री उजेडात तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर दुसऱ्याला दाखवावेत. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतातच, पडताना जरा पाहिले तरी चालेल!

याहून धोक्याचे म्हणजे साखर उतरणे. दिवसभर चाललेले स्नायू रात्रीही रक्तातली साखर ओढत राहतात. इन्सुलिन किंवा गोळी मात्र घरच्याच मापाने चालू असते. (निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा.) मध्यरात्री घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू होते. शेजारी म्हणतात, ‘दमलाय, झोपू द्या.’ झोपू देऊ नका. शुद्धीत असेल तर साखरपाणी पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. तळावर रात्री ग्लुकोमीटर आणि टॉर्च घेऊन राहुट्यांतून फिरणारी एक परिचारिका हवी, ती यासाठी.

अंगदुखीच्या गोळ्या मूठमूठ वाटण्याची सेवा मात्र थांबावी. अंगातले पाणी आटलेल्या, त्यात रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या साठीच्या माणसाला रोज डायक्लोफेनॅक दिले तर मूत्रपिंडावर बेतू शकते. आणि पाणी आटते का? बायका तर दुपारनंतर मुद्दामच पाणी पीत नाहीत, कारण अंधारात जायचे कुठे? फिरती शौचालये आली आहेत, पण वाटेत चिखल आणि काळोख असला तर सत्तरीची आजी तिथवर जात नाही. गोळ्यांची दोन खोकी कमी आणा, पण त्या वाटेवर दिवे लावा.