तलवारीची राणी आपल्याच मातीतली

मैत्रिणींनो, टॅरो कार्ड आता आपल्या गावापर्यंत येऊन पोचलंय. टीव्हीवर, मोबाइलवर कुणी ना कुणी पत्ते पिसून आपलं भविष्य सांगत असतं. भविष्याचं राहू द्या. पण त्या ७८ पत्त्यांतला एक पत्ता मात्र आपण बायकांनी नीट बघावा असा आहे. त्याचं नाव ‘क्वीन ऑफ स्वॉर्ड्‌स’, म्हणजे तलवारीची राणी.

मुळात टॅरो हा खेळायचा पत्त्यांचा डाव. पंधराव्या शतकात तो इटलीत सुरू झाला; त्यावरून भविष्य सांगणं अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजलं. यात चार रंग आणि प्रत्येक रंगात सेवक, स्वार, राणी आणि राजा असे चार दरबारी पत्ते. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफात दरबारी पत्ते दोनच, राजा आणि प्रधान. तिथं राणीला जागाच नाही!

आज सगळीकडे दिसतात ती टॅरोची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं १९०९ मध्ये लंडनमध्ये आर्थर वेट यांच्यासाठी काढली. तिची तलवारीची राणी सिंहासनावर ताठ बसलेली आहे. उजव्या हातात सरळ उभी तलवार, डावा हात पुढे केलेला. मुकुटावर फुलपाखरं, मागे ढग आणि वर आभाळात एकच पक्षी. तलवार म्हणजे बुद्धी आणि स्पष्ट शब्द. फुलपाखरू म्हणजे कोषातून बाहेर पडलेला जीव. आणि पुढे केलेला हात म्हणतो, या, बोला, पण खरं बोला.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुःखच म्हणायचं. वेट यांनी या पत्त्याचा अर्थ काय दिला? वैधव्य, बाईचं दुःख, वियोग. आजचे टॅरो वाचणारे मात्र त्याच पत्त्याला स्वतंत्र, स्पष्ट विचारांची, अनुभवानं शहाणी झालेली स्त्री म्हणतात. चित्र तेच, तलवार तीच. बदलली ती बघणाऱ्याची नजर.

ही राणी शोधायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. ती आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. नगरच्या निजामशाहीची लेक चांदबिबी विजापूरच्या आदिलशाहीत सून म्हणून गेली. १५८० मध्ये पती अली आदिलशहा गेला. पुतण्या इब्राहिम लहान होता, त्याच्या वतीनं तिनं कारभार पाहिला. दरबारातल्या विरोधकांनी तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकलं. पुढे माहेरी आली, तर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. सुरुंगानं तट फुटला तेव्हा तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन ती खिंडारात उभी राहिली, असं फिरिश्ता लिहितो. रातोरात तट बांधून काढला. १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड द्यावा लागला, पण नगर राहिलं.

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले. आता किल्ला टिकणार नाही, बोलणी करून माणसं वाचवू, असं तिनं स्पष्ट सांगितलं. लगेच ‘ही शत्रूला फितूर झाली’ अशी आवई उठली आणि आपल्याच लोकांनी तिला मारलं. किल्ला तर पडलाच. नगरजवळच्या डोंगरावर ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे. तिच्या नावावर वास्तूसुद्धा दुसऱ्याची!

दुसरी राणी जामखेड तालुक्यातल्या चोंडीची, अहिल्याबाई होळकर. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही. पुढे सासरे गेले, मुलगा गेला. तरी १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी माळव्याचा कारभार केला. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. म्हणजे एका विधवेच्या नावानं आपण आपला पत्ता लिहितो. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र शेजारच्या विधवा वहिनींना बोलवत नाही! हे कसं काय जमतं आपल्याला?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. पण बांगड्या फोडायला पुढे होतात ते हात बहुतेक वेळा बायकांचेच. ठराव कागदावर राहतो, हात आपल्याला आवरायचे आहेत.

आणि तलवार म्हणजे काय, तर कागद वाचण्याची हिंमत. पती मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि सासू यांना सारखा वाटा आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली का, ते तलाठ्याकडे जाऊन बघायला हवं. दुःखाच्या दिवसांत कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर ‘वाचून सांगते’ एवढे दोन शब्द पुरे. ‘फार शहाणी झाली’ असं म्हणतीलच लोक. चांदबिबीला तर त्याहून वाईट म्हणाले होते.

पत्त्यात आपलं नशीब लिहिलेलं नसतं. पण एखाद्या बाईकडे बघून आपण ‘बिचारी’ म्हणायचं की ‘राणी’, हे मात्र आपल्याच हातात असतं. येत्या संक्रांतीला वाणाचं ताट आधी त्या वहिनींच्या दारात न्या, कुंकू लावा आणि मानानं घरी बोलवा.