झटक्याला पाच लाख, गोळीला छदाम नाही

शासनाचा एक चमत्कारिक न्याय आहे. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, तर रुग्णालयात वर्षाला पाच लाखांपर्यंत खर्च सोसण्याची सरकारची तयारी आहे. परंतु तो झटका येऊ नये म्हणून रोज सकाळी घ्यायची रक्तदाबाची गोळी मात्र त्याने स्वतःच्या कनवटीच्या पैशाने घ्यावी!

29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेचे छत्र सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, लाभले. हे चांगलेच झाले, त्याबद्दल कुरकुर नाही. कुरकुर आहे ती त्यानंतर वाजणाऱ्या टाळ्यांबद्दल. 'आता म्हाताऱ्यांची चिंता मिटली' असे सांगणाऱ्यांनी योजनेचे नियम एकवार वाचावेत. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी परतल्यानंतरचे 15 दिवस, एवढ्याच काळातील औषधे तीत बसतात. सोळाव्या दिवशी काय करायचे? मधुमेह काही पंधरा दिवसांचा पाहुणा नव्हे, तो मरेपर्यंतचा सोबती आहे.

धुळे जिल्ह्याला तर हे नवे नाही. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होता. जळगावला नोव्हेंबर 2013 पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे योजनेचे नाव बदलले, विम्याची रक्कम दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. एका तपाहून अधिक काळ लोटला, तरी विमा खाटेचाच राहिला, गोळीचा झाला नाही.

कोकणपट्टीतील वाचकांना खान्देश म्हणजे केळी, कापूस आणि भरिताची वांगी. पण केळीच्या बागेत जन्मभर मजुरी केलेल्या माणसाच्या हाती म्हातारपणी काय उरते? श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये, म्हणजे दिवसाला 50. त्यांतच मीठ-मिरची, त्यांतच बी.पी., साखर आणि सांधेदुखी. आजाऱ्यांच्या भेटीला फिरताना उशाशी गोळ्यांचे अर्धवट पाकीट दिसते. विचारले की उत्तर ठरलेले: एक दिवसाआड घेतो, म्हणजे पुरतात. गोळी एक दिवसाआड घेणे ही काटकसर नव्हे, ती झटक्याला दिलेली सुपारी आहे.

'सरकारी दवाखान्यात औषधे मोफत आहेत,' असे यावर सांगितले जाईल. आहेत, कबूल. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचाही पैसा लागत नाही. पण साठा संपला की मोफत चिठ्ठी हाती येते आणि औषध बाहेरून आणावे लागते. गंमत अशी की ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढील माणसाला एस.टी. फुकट आहे. म्हणजे चोपड्याच्या म्हातारीने जळगावपर्यंत फुकट जावे आणि रिकाम्या हाताने फुकटच परत यावे!

मग जनऔषधी केंद्रे? 2008 साली सुरू झालेल्या या दुकानांत औषधे निम्म्या किमतीत आणि त्याहूनही स्वस्त मिळतात, यात शंका नाही. अडचण दुकानात नाही, चिठ्ठीत आहे. डॉक्टरांनी कंपनीच्या छापाचे नाव लिहिले, की तेच द्रव्य असलेली दुसरी गोळी देण्याची मुभा दुकानदाराला कायद्याने नाही. लेखणी एकाची, खिसा दुसऱ्याचा! हाथी समितीने 1975 सालीच छापाची नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची शिफारस केली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये मूळ नावानेच औषध लिहिण्याचा नियम केला आणि डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड करताच त्याच महिन्यात तो स्थगित केला. स्वस्त गोळ्यांच्या दर्जाची शंका ते पुढे करतात. शंका खरी असेल, तर तपासणीच्या प्रयोगशाळा आणि निरीक्षक वाढवा. त्या शंकेचा दंड रोग्याने का भरावा?

किंमत-नियंत्रणाची कथाही अशीच. 1995 च्या आदेशात उत्पादनखर्चावरून किंमत ठरे. 2013 च्या आदेशाने बाजारातील भावांची सरासरी काढून तीत दुकानदाराचा 16 टक्के नफा मिळवायचे ठरले. ज्यांनी भाव चढवले, त्यांच्याच भावांवरून मर्यादा! शिवाय अनुसूचीबाहेरील औषधांना दरवर्षी 10 टक्के वाढीची मोकळीक. श्रावणबाळच्या अनुदानाला अशी वार्षिक वाढ कोणी लिहून दिली आहे काय?

पैसा नाही, ही सबब ऐकून घेण्यासारखी नाही. तामिळनाडूने 1994 साली औषधखरेदीचे स्वतंत्र महामंडळ स्थापिले. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे देऊ केली, आणि राजस्थान काही महाराष्ट्राहून श्रीमंत नव्हे. आपल्याकडे खरेदी प्राधिकरणाचा कायदा 2023 मध्ये झाला. आता त्याचा जाब विचारावा. शिरपूर, साक्री, यावल, रावेर येथील प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर आजच्या साठ्याचा फलक लागावा; रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या एका वेळी महिन्याभराच्या मिळाव्यात; आणि साठा संपलाच, तर बाहेरच्या दुकानाचे बिल त्या पाच लाखांतून फेडावे. पुढल्या ग्रामसभेत हे तीन ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.