द्राक्षाचा घड आणि गवताचे ठोंब

सोलापूरजवळच्या नान्नज या गावाचे नाव महाराष्ट्रात दोन अगदी भिन्न कारणांनी घेतले जाते. येथील प्रयोगशील बागायतदार नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेस या वाणातून लांबट मण्यांची ‘सोनाका’ ही जात निवडून काढली. काळ्या द्राक्षांची ‘शरद सीडलेस’ हीदेखील याच गावची देणगी. दुसरे कारण माळढोकाचे. नान्नजच्या माळावर हा दुर्मीळ पक्षी वावरतो म्हणून १९७९ मध्ये या भागात अभयारण्य जाहीर झाले. त्यानंतरच्या चार दशकांत द्राक्षांच्या जाती राज्यभर रुजल्या. माळढोक मात्र माळावरून जवळजवळ दिसेनासा झाला. या दोन घटनांचा विचार एकत्र व्हावयास हवा.

द्राक्षबागायतीचे यश निर्विवाद आहे. तासगावच्या परिसरातील ‘तास-ए-गणेश’ काय किंवा सोलापूर जिल्ह्यातील ‘माणिक चमन’ काय, या जाती प्रयोगशाळेत जन्मल्या नाहीत. बागेतील एखाद्या वेलीचे वा फांदीचे वेगळेपण शेतकऱ्याच्या नजरेने हेरले आणि त्या काडीपासून पुढची लागवड वाढविली. वर्षातून दोनदा छाटणी, घडांची विरळणी, संजीवकांचे हात, औषधांचा खर्च आणि त्यासाठी काढलेले कर्ज, एवढे सोसूनही एका अवकाळी पावसाने वा गारपिटीने सारे मातीमोल होते. असे असता, हलक्या जमिनीचा मालक बागेकडे वळला तर त्याला दोष देता येणार नाही. गवताला मोल देणारा कोणी नसताना त्याने माळ तसाच राखावा, ही अपेक्षाच अन्यायाची होय.

तथापि, या माळाचेही एक शास्त्र आहे. पवन्या, मारवेल, कुसळ ही दख्खनची गवते ठोंबाठोंबांनी वाढतात. दोन ठोंबांच्या मध्ये मोकळी जागा राहते; तेथूनच माळढोक फिरतो, किडे टिपतो आणि उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. मुळांचे जाळे उथळ माती धरून ठेवते आणि पावसाचे पाणी जिरू देते. पाने वाळली तरी बुडखा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर हिरवा होतो. धनगरांच्या मेंढ्या याच गवतावर जगत आल्या. महसुली भाषेने मात्र अशा जमिनीला ‘पडीक’ ठरविले. जे पडीक ते नांगरावे, नाहीतर तेथे झाडे लावावीत, एवढेच पर्याय मग शिल्लक उरतात. सावलीत ही गवते टिकत नाहीत आणि झाडोऱ्यात माळढोक राहत नाही, याचा विसर वृक्षारोपणाच्या उत्साहात पडतो.

कायद्याने काय साधले? अभयारण्याचे क्षेत्र आरंभी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर ठरविण्यात आले. त्यात खाजगी शेते आणि वस्त्याही आल्या. निर्बंधांमुळे लोकांत पक्ष्याविषयी आपुलकीऐवजी रोष वाढला, आणि पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दुसरीकडे, १९६६ च्या जमीन महसूल संहितेत गावचराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिले. तरीही गायरान म्हणजे कोणत्याही योजनेसाठी हाताशी असलेली मोफत जागा, ही समजूत कायम आहे. एकीकडे नकाशावर अवाढव्य रेषा ओढावयाची आणि दुसरीकडे गावालगतचे कुरण वाऱ्यावर सोडावयाचे, हे संरक्षण नव्हे.

द्राक्ष आणि गवत यांत वैर नाही. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात बागेच्या विहिरीला पाणी हवे असेल, तर सभोवतालच्या माळाने ते जिरविले पाहिजे. म्हणून गवताळ माळाची नोंद ‘पडीक’ या सदरातून काढून स्वतंत्रपणे करावी. तेथे वृक्षारोपणाची उद्दिष्टे लादू नयेत. आळीपाळीने चराई आणि चाऱ्याची कापणी यांचा हक्क व जबाबदारी ग्रामसभा आणि मेंढपाळ यांच्याकडे सोपवावी, म्हणजे गवत राखण्यात गावाचाही लाभ राहील. बागेतली एक वेगळी फांदी ओळखणाऱ्या शेतकऱ्याला माळाची किंमत कळत नाही, असे कोणी समजू नये. ती किंमत शासनाच्या दप्तरात अद्याप चढलेली नाही, एवढेच.