पाठीवरचा भोपळा सोडणार कधी?

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर वारा कसा वाहतो, हे तेथील पवनचक्क्याच सांगतात. याच पठारावरील सोयाबीन आणि तुरीच्या शिवारांत आता फवारणीसाठी ड्रोन येऊ लागले आहेत. पाठीवर विषारी औषधाचा पंप वाहणाऱ्या शेतकऱ्याची त्यामुळे सुटका होणार असेल, तर या यंत्राचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्वागताच्या गजरात एक प्रश्न दबून गेला आहे. उपग्रहाचा संकेत तुटला, तर हे यंत्र सांभाळणार कोण?

जीपीएसच्या आधारावर ड्रोन हवेत खिळल्यासारखे थांबते. चालकाने बोटे उचलली तरी ते जागा सोडत नाही. यालाच अनेक जण कौशल्य समजतात! संकेत जाताच भ्रम फिटतो. आतील संवेदक यंत्राचा तोल राखतात, वायुदाबमापक उंची राखतो. पण वाऱ्याबरोबर वाहत जाणारे यंत्र रोखायचे ते चालकाच्या हातांनीच. आपोआप परत आणणारे बटणही तेव्हा कुचकामी ठरते. यंत्राचे तोंड चालकाकडे वळले, की डावे-उजवे उलटे होते आणि गोंधळलेला हात नेमका चुकीच्या दिशेला जातो. खाली माणसे असतात, बांधावर विजेच्या तारा असतात.

‘संकेत असा जातोच कुठे?’ असे विचारणाऱ्यांनी नळदुर्गच्या उंच तटबंदीला लागून ड्रोन उडवून पाहावे. भिंतीच्या आडोशाला उपग्रह कमी दिसतात. मोठ्या लोखंडी सांगाड्याजवळ होकायंत्र बहकते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमावर्ती भागात विमानांच्या जीपीएस संकेतांत व्यत्यय आल्याच्या ४६५ घटनांची नोंद झाल्याचे सरकारनेच लोकसभेत सांगितले आहे. युक्रेनच्या युद्धात तर संकेत दडपणे हे नित्याचे अस्त्र झाले आहे.

मग ‘नाविक’ ही स्वदेशी प्रणाली वापरली की झाले, असे काहींना वाटेल. स्वदेशी प्रणाली हवीच; पण दडपून टाकणाऱ्याला संकेताचे राष्ट्रीयत्व दिसत नाही. खरे स्वावलंबन चालकाच्या मनगटात असते.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. प्रशिक्षण १५ दिवसांचे. त्यात ड्रोनचालक प्रशिक्षणाचे दिवस अवघे ५! या भगिनींच्या जिद्दीविषयी शंका नाही. शंका आहे ती पाच दिवसांत हात घडतो असे मानणाऱ्या नियोजनाविषयी.

उपाय खर्चिक नाही. आधी संगणकावरील आभासी उड्डाण, मग मोकळ्या माळावर २५० ग्रॅमपेक्षा हलके, जीपीएस नसलेले ड्रोन. प्रथम यंत्राची पाठ आपल्याकडे ठेवून ते स्थिर धरावे, नंतर बाजू, नंतर तोंड आपल्याकडे. शेवटी इंग्रजी आठच्या आकाराची वळणे. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय औषधाने भरलेली टाकी कोणाच्याही हाती देऊ नये.

गावच्या विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा बांधतात. एक दिवस वडीलधारी मंडळी तो सोडतात, आणि त्याच दिवशी पोरगा पोहायला शिकला असे म्हणतात. ड्रोनचालकांच्या पाठीवरचा भोपळा सोडण्याची हिंमत प्रशिक्षण संस्था केव्हा दाखवणार?