पुस्तक मिटून विचारावयाचा प्रश्न

सातारा-सांगलीकडील शाळांत २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती साजरी होते. मुलांची भाषणे पाठ असतात आणि शेवटही ठाऊक असतो: १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. शेवट ठाऊक असला की मधला माणूस दिसेनासा होतो. सारे ठरल्याप्रमाणेच घडले, असे वाटते.

नववी-दहावीच्या वर्गात हेच चरित्र निराळ्या रीतीने वाचता येते. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतविण्यासाठी भाऊरावांनी साक्ष द्यावी, असा दबाव आला. याच लठ्ठ्यांच्या देखरेखीखालील जैन वसतिगृह भाऊरावांना विद्यार्थिदशेत सोडावे लागले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, एवढेच निमित्त. शिक्षकाने येथे पुस्तक मिटावे. जुना सल मनात आहे, समोर पोलीस आहेत, घरी तरुण पत्नी आहे. काय करावे? मुलांची उत्तरे वहीत उतरू द्यावीत आणि मगच पुढील पान उघडावे. भाऊरावांनी खोटी साक्ष नाकारली व कोठडीतील छळ सोसला. पाठशाळेत सत्याणुव्रत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला त्या व्रताची किंमत कदाचित येथे प्रथम कळेल.

लक्ष्मीबाईंचे पान याहून अवघड. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांचे दागिने गेले, अखेर मंगळसूत्रही गेले. एखादी मुलगी विचारील, हा निर्णय त्यांचा होता, की त्यांच्यावर येऊन पडला होता? अशा वेळी ‘त्याग’ हा शब्द घाईने पुढे करून तिला गप्प बसवू नये. प्रश्न रास्त आहे.

व्यापारी घरांत मात्र दहावीच्या निकालापूर्वीच कॉमर्स आणि त्यापुढची पेढी ठरलेली असते. पेढीत कमीपणा मुळीच नाही. भाऊरावही किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले, हे दुकानात वाढणाऱ्या मुलांना मुद्दाम वाचून दाखवावे. परंतु वर्गात दुसऱ्याची निवड पारखणारा मुलगा रात्री जेवताना वडिलांना विचारणारच, “दुकान तुम्ही निवडलं होतं का?” तेव्हा रागावू नये. आजोबांनी गल्ल्यावर बसविले तो दिवस, त्या वेळी मनात काय होते, सारे जसेच्या तसे सांगावे.