शाकाहारी घर, श्वान आणि दूधभाताचा प्रश्न

रायपूर : जुलै २०२५ मध्ये तत्कालीन बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने सुमारे पाच हजार भटक्या श्वानांना दररोज कोंबडीचे मांस घातलेला भात देण्याची योजना मांडली आणि तिच्यावरून देशभर वाद झाला. वादाचा भर खर्चावर होता. एका श्वानाच्या जेवणात १५० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम भाज्या आणि थोडे तेल असावे, असा जो हिशेब त्या योजनेत होता, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यानंतर २२ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या श्वानांना खाऊ घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात जागा निश्चित करण्याचा आदेश दिला. श्वानाला कोठे खाऊ घालावे, याची चर्चा त्यामुळे घरोघरी झाली. काय खाऊ घालावे, हा प्रश्न तिच्या मागोमाग येतो आणि शाकाहारी कुटुंबांत तो अधिक अवघड होतो.

छत्तीसगड हे शाकाहारी राज्य नव्हे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीनुसार येथील पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत शाकाहारींचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. महाराष्ट्रात ते ४० टक्के होते. तथापि राजधानी रायपूरमध्ये जैन, मारवाडी आणि गुजराती कुटुंबांची मोठी वस्ती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात स्थिरावलेल्या मराठी घरांतही मांसाहार वर्ज्य मानणारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरात लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू येते, तेव्हा त्याच्या ताटलीत सहसा घरातलेच अन्न पडते : दूधभात, दूधपोळी, वरणभात आणि मधल्या वेळेस बिस्किटे. भाताच्या कोठारात राहणाऱ्यांनी श्वानालाही भातच द्यावा, हे स्वाभाविकच आहे.

या आहाराच्या समर्थनार्थ परंपरेचा दाखला दिला जातो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. पितृपक्षात श्वानासाठी घास काढण्याचा प्रघात आहे. पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, ही रीत रायपूरच्या हिंदी भाषक घरांत आजही पाळली जाते. आपले कुत्रे पिढ्यान् पिढ्या भाकरीवरच जगले, मग आताच मांस कशासाठी, असा हा युक्तिवाद आहे.

त्यात एक गोष्ट सुटते. दारात येऊन भाकरी खाणारा तो कुत्रा केवळ भाकरीवर जगत नव्हता. तो उंदीर मारत असे, खाटकाच्या दुकानामागे हिंडत असे, गावाबाहेर पडलेल्या मृत जनावरावर ताव मारत असे. भाकरी हा त्याच्या आहाराचा एक भाग होता. उरलेला भाग तो स्वतः मिळवत होता आणि गृहस्थाला तो पाहावा लागत नव्हता. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहणाऱ्या आणि साखळीला बांधून फिरवल्या जाणाऱ्या श्वानाला ही मुभा नाही. ताटलीत जे पडेल तेवढेच त्याचे अन्न. साहजिकच त्या ताटलीची सगळी जबाबदारी मालकावर येते.

विज्ञान काय सांगते?

श्वान हा लांडग्याचा वंशज असल्याने त्याला मांसच हवे, हा समज पूर्णतः खरा नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर श्वानात चार ते तीस. माणसाच्या सहवासात, त्याच्या धान्यावर राहून श्वानाची पचनसंस्था बदलली. टॉरिन हे हृदयासाठी आवश्यक द्रव्यही त्याचे शरीर इतर अमिनो आम्लांपासून तयार करू शकते, आणि गाजरातील कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्वही.

मात्र भात पचतो, याचा अर्थ भात पुरतो असा नव्हे. श्वानाच्या त्वचेत सूर्यप्रकाशाने पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही; ते अन्नातूनच मिळावे लागते. ब-१२ वनस्पतींत नसते. डाळींत मेथिओनिन कमी असते आणि टॉरिन तयार होण्यासाठी तेच लागते. तांदूळ आणि डाळ या दोहोंत फॉस्फरसच्या तुलनेत कॅल्शियम फार थोडे. वाढत्या पिल्लाची हाडे या असमतोलाने मऊ पडतात, पाय वाकतात. दुधाने ही उणीव काही अंशी भरून निघते, परंतु अनेक प्रौढ श्वानांना दुधातील शर्करा पचत नाही आणि जुलाब होतात. त्यांना दही किंवा पनीर अधिक मानवते.

ही टीका केवळ शाकाहारी घरांवर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये श्वानांसाठीच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा होता, आणि त्यांत मांसाच्या पाककृती भरपूर होत्या. रोज बिनहाडाची कोंबडी आणि भात शिजवून घालणाऱ्या मांसाहारी मालकाचा श्वानही कॅल्शियमला मुकतो. त्यामुळे मांस की बिनमांस, हा प्रश्न जितका गाजतो तितका निर्णायक नाही. आहार पूर्ण आहे का, हे आधी विचारावे लागते, आणि दूधभात त्या कसोटीस उतरत नाही.

वनस्पतिजन्य घटकांपासून तयार केलेले आणि आवश्यक पोषकांची भर घातलेले कोरडे खाद्य ही वेगळी बाब आहे. विंचेस्टर विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अडीच हजारांहून अधिक श्वानांच्या पाहणीत अशा आहारावरील श्वानांचे आरोग्य चांगले असल्याचे आढळले. पण ती माहिती मालकांनीच दिलेली होती आणि पाहणीला वनस्पतिजन्य आहाराचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेचे अर्थसाहाय्य होते. ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये अशा आहाराला असलेला आपला जुना विरोध मागे घेतला, तोही सावधगिरीच्या सूचनांसह. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या ३१ कोरड्या खाद्यांची नॉटिंगहॅम विद्यापीठाने केलेली तपासणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वनस्पतिजन्य खाद्यांत आयोडीन आणि ब जीवनसत्त्वे कमी आढळली. मांसाच्या काही खाद्यांतही उणिवा होत्याच. सारांश इतकाच, की निरोगी प्रौढ श्वानाला मांसाविना ठेवणे शक्य दिसते, परंतु दीर्घकालीन पुरावा अद्याप तोकडा आहे.

निवड कोणाची?

छत्तीसगडला हा पेच दुसऱ्या रूपात परिचित आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने शालेय मध्यान्ह भोजनात अंडी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कबीरपंथीयांनी त्यास तीव्र विरोध केला आणि विधानसभेतही गदारोळ झाला. अखेर ज्या शाळांत पालकांची सहमती होणार नाही तेथे मुलांच्या घरी अंडी पोहोचवावीत आणि न खाणाऱ्यांना दुसरा प्रथिनयुक्त पदार्थ द्यावा, अशी तडजोड पुढे आली. मुलांच्या बाजूने बोलणारे पालक होते, सरकार होते, पंथ होता. श्वानाच्या बाजूने बोलणारा मालकच असतो, आणि मालकाची श्रद्धा व श्वानाची गरज यांत अंतर पडले तर मध्यस्थ कोणी नसतो.

मालकाचा आक्षेप पोकळ म्हणता येणार नाही. एका प्राण्यावरील मायेपोटी दुसऱ्या प्राण्यांचा बळी का द्यावा, हा अहिंसा मानणाऱ्याचा प्रश्न गंभीर आहे. परंतु रायपूरच्या दूधाधारी मठाला ज्यांच्यावरून नाव मिळाले, असे सांगितले जाते, ते महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहिले ते स्वेच्छेने. श्वानाला व्रत घेता येत नाही. मालकाने आपले व्रत त्याच्यावर घालायचे असेल, तर त्याची किंमत मालकानेच मोजली पाहिजे. घरातील उरलेसुरले न घालता पूर्ण पोषणमूल्याचे खाद्य विकत घ्यावे लागेल, पशुवैद्याकडून नियमित तपासणी आणि रक्तचाचण्या करून घ्याव्या लागतील, आणि वजन घटू लागले वा हृदयाची तक्रार दिसली, तर निर्णय बदलण्याची तयारी ठेवावी लागेल.

कायदा यात फारशी मदत करत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न न देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यात ‘योग्य’ आहाराची अट आहे, आपल्याकडे शब्द ‘पुरेसा’ हा आहे. पोटभर दूधभात या व्याख्येत बसतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर पशुखाद्य अन्नाच्या व्याख्येतूनच वगळले आहे.

व्यवहारात मधला मार्ग बहुधा अंड्यातून जातो. स्वतः अंडे न खाणारी काही कुटुंबे श्वानासाठी ते बाहेर उकडून आणतात, वेगळ्या भांड्यात देतात. प्रथिने, ब-१२ आणि काही प्रमाणात ड जीवनसत्त्व त्यातून मिळते. कॅल्शियमची सोय मात्र पशुवैद्याला विचारूनच करावी लागते. एका बाबतीत कर्मठ जैन स्वयंपाकघर इतरांहून श्वानाला अधिक मानवणारे आहे : तेथे कांदा-लसूण नसतो. कांद्याने श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, आणि फोडणीच्या वरणातून तो नकळत पोटात जातो. प्रसादाच्या शिऱ्यातील मनुका मात्र सर्वच घरांत धोक्याच्या. त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

पिल्लू, गाभण आणि पिल्लांना पाजणारी मादी यांच्यावर मांसविरहित आहाराचा प्रयोग करू नये. आणि ज्या घरात मांजर आहे, तेथे हा वाद उद्भवतच नाही. मांजराचे शरीर पुरेसे टॉरिन तयार करू शकत नाही. त्याच्या अभावी मांजराचे हृदय निकामी होते, हे १९८७ मध्येच सिद्ध झाले आहे.