न सांगता बदलणारी उत्तरे

एप्रिल 2019 मध्ये आर या भाषेची 3.6.0 ही आवृत्ती आली आणि तिच्यात यादृच्छिक नमुना काढण्याची आतली पद्धत बदलली. जुनी पद्धत फार मोठ्या यादीतून निवड करताना किंचित एका बाजूला झुकत असे, त्यामुळे बदल योग्यच होता. पण जी स्क्रिप्ट काल एक नमुना देत होती, ती तोच सीड देऊनही आज दुसरा देऊ लागली. पडद्यावर चूक म्हणून काहीही उमटले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सायकिट-लर्नच्या 0.22 आवृत्तीने रँडम फॉरेस्टमधील झाडांची डिफॉल्ट संख्या 10 वरून 100 केली. आधीच्या आवृत्त्या त्याचा इशारा देत होत्या, हे खरे. पण स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत इशारे बंद करण्याची सवय आपल्या व्यवसायात किती मुरली आहे, हे आपण सारे जाणतो.

या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न सतत असतो: आता काय शिकू? पॉवर बीआय येते, टॅब्लोही शिकावे का? पांडाज सोडून पोलार्सकडे वळावे का? डकडीबीचे एवढे नाव होते आहे, आपण मागे तर पडत नाही ना? डोंबिवली, बदलापूर, ठाणे इथून लिहिणाऱ्या या वाचकांची काळजी खरी आहे. नोकरीच्या जाहिरातीत दर सहा महिन्यांनी नवे नाव दिसले, की कोणाच्याही पोटात गोळा येईल. तरी आमचे मत असे, की नव्या साधनाची पाळी नंतर येते. रोज हातात असलेले साधन गेल्या वर्षभरात कुठे बदलले, हे आधी माहीत हवे. अद्ययावत राहण्याची सुरुवात तिथून होते.

नाव बदलले, की आपण घाबरतो. वास्तविक तो बदल सर्वांत निरुपद्रवी. आडवी पसरलेली सारणी उभी करायची, हे एकच काम हॅडली विकम यांच्या पॅकेजांमध्ये आधी मेल्ट होते, मग गॅदर झाले आणि 2019 मध्ये पिव्हट-लाँगर झाले. ज्याला सारणी उभी का करायची हे समजले होते, त्याची प्रत्येक वेळी फार तर एक संध्याकाळ गेली. एप्रिल 2023 मध्ये पांडाजच्या 2.0 आवृत्तीने डेटाफ्रेमची अपेंड ही सोय काढून टाकली. तेव्हा जुन्या स्क्रिप्ट जागीच थांबल्या, लोकांनी कॉनकॅट वापरले आणि काम पुढे चालू झाले. थांबणारी स्क्रिप्ट आपली फसवणूक करत नाही. भीती वाटावी ती न थांबता वेगळे उत्तर देणाऱ्या स्क्रिप्टची.

त्यासाठी एक चाचणी सुचवतो, आणि ती आपल्याच जिल्ह्याची आहे. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा लोकसंख्येने देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता: 1,10,60,148. पुढे 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाला. पंधरा तालुक्यांपैकी सात ठाण्यात राहिले, आठ पालघरला गेले. 2011 चेच आकडे आजच्या हद्दीनुसार मांडले तर ठाण्याचे 80,70,032 आणि पालघरचे 29,90,116 होतात. जनगणनेच्या तक्त्यांतून पंधरा ओळींची फाइल करा: तालुका, आजचा जिल्हा, लोकसंख्या. जिल्ह्यानुसार गट करून बेरीज घ्या. दोन आकडे आणि त्यांची एकूण बेरीज, तिन्ही उत्तरे आधीच माहीत आहेत.

आता त्याच फाइलच्या दुसऱ्या प्रतीत एका तालुक्याचा जिल्हा कोरा ठेवा. एसक्यूएलमध्ये ग्रुप बाय केले तर कोऱ्या नोंदीचा वेगळा गट दिसतो. आरमधील डीप्लायरही तो वेगळा दाखवते. पांडाजचे ग्रुपबाय मात्र ती ओळ मुकाट गाळते, कारण कोऱ्या नोंदी वगळणे हे तिथले डिफॉल्ट आहे. त्या ओळी राखण्याची सोय 2020 मध्ये 1.1 आवृत्तीत आली, पण ती आपण मागितली तरच मिळते. म्हणजे कल्याण तालुक्याची नोंद कोरी राहिली, तर आख्खे कल्याण अहवालातून नाहीसे होईल आणि बेरीज पाठ नसलेल्या माणसाला ते कळणारही नाही. साधन अद्ययावत केले की आधी ही फाइल चालवावी, मग कामाची. पॉवर बीआय डेस्कटॉपची नवी आवृत्ती जवळजवळ दरमहा येते. तिथे तर हा नेमच हवा.

दुसरी चाचणी नावांची. मराठीत भरलेल्या याद्या जोडताना 'गोऱ्हे'सारखे नाव अनेकदा जुळत नाही, आणि पडद्यावर पाहावे तर दोन्ही नावे एकसारखी. कारण युनिकोडमध्ये हा अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ हे एकच चिन्ह वापरून, साधा र आणि खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. एनएफसी हे प्रमाणीकरण पहिल्या दोन तऱ्हा एक करते, तिसरी तशीच राहते. ती आपल्यालाच बदलून घ्यावी लागते. शक्य असेल तिथे नावावर जॉइन न करता केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा सांकेतांक वापरावा, हे उत्तम. पण आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक याद्यांत तो सांकेतांक नसतो, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या अडचणीचा उल्लेखही नसतो. अशी दहा अवघड नावे आपल्या चाचणीच्या फाइलीत कायमची असावीत.

याचा अर्थ जुन्या आवृत्तीला चिकटून राहा, असा कोणी घेऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या अहवालांतून 15,841 कोविड रुग्णांच्या नोंदी काही दिवस गळून पडल्या होत्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात उतरवली जात होती. त्या साच्यात 65,536 ओळींपुढे जागाच नाही. 2007 पासून एक्सेलमध्ये दहा लाखांवर ओळी मावतात, पण नवा साचा वापरात आणण्याचे काम तिथे कोणी केले नव्हते. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या माणसांचा शोध त्यामुळे लांबला.

मग हे सगळे करायचे कधी? इथे आमचे म्हणणे कर्मचाऱ्यांना उद्देशून नाही, त्यांच्या वरिष्ठांना उद्देशून आहे. कल्याणहून फास्ट लोकलने सीएसएमटी गाठायला तासाहून अधिक लागतो. ऐरोली-घणसोलीला जायचे तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरायची. सकाळच्या गर्दीत फोन हातात धरण्याइतकी जागा मिळाली तरी पुष्कळ. रात्री साडेनऊला घरी पोहोचलेल्या माणसाला, आणि त्यानंतर स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या बाईला, 'स्वतःच्या वेळात नवे शिका' असे सांगणे अन्यायाचे आहे. साधनाची देखभाल हा कामाचाच भाग आहे. महिन्यातली एक दुपार कार्यालयाच्या वेळेत त्यासाठी राखून ठेवावी. त्या दुपारी वापरातल्या साधनांच्या रिलीज नोट्स वाचाव्यात, त्यातही डिफॉल्ट बदलल्याची आणि सोयी काढून टाकणार असल्याची नोंद आधी पाहावी, आणि चाचणीच्या फाइली चालवाव्यात. प्रत्येक अहवालाखाली साधनाचे नाव आणि आवृत्ती लिहिण्याचा आग्रह धरावा. चालू कामाच्या मध्येच आवृत्ती बदलू नये, काम संपल्यावर सर्वांनी मिळून बदलावी. भिवंडीच्या गोदामांचा साठा मोजणारी छोटी कंपनी असो की वागळे इस्टेटमधले मोठे कार्यालय, एवढे दोघांनाही परवडते.

घाई वाटण्याचे आणखी एक कारण आहे. 2011 नंतरच्या पहिल्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे, आणि या वेळी नोंदी मोबाइल ॲपवर घेण्याचे ठरले आहे. आकडे आले, की कल्याण-डोंबिवली किती वाढली हे पहिल्याच दिवशी सर्वांना हवे असेल. 2011 मध्ये महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. पण तेव्हा 27 गावे शहरात नव्हती. ती 1983 मध्ये आली, 2002 मध्ये बाहेर पडली आणि जून 2015 मध्ये पुन्हा आली. 2020 मध्ये त्यांतली 18 गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि तो वाद न्यायालयात गेला. या 27 पैकी हद्दीत असलेली गावे 2011 च्या आकड्यात मिळवल्याशिवाय काढलेली वाढ चुकीचीच असेल, मग ती कितीही नव्या साधनाने काढलेली असो. ही दुरुस्ती आजच करून ठेवता येते, कारण गावनिहाय जुने आकडे उपलब्ध आहेत.

पुढच्या अंकापासून आम्ही एक पान केवळ अशा मुकाट बदलांसाठी ठेवत आहोत. तुमच्या कामात आवृत्ती बदलल्यावर उत्तर बदलल्याचे आढळले, तर साधनाचे नाव, दोन्ही आवृत्त्या आणि तो फरक दाखवणारी छोटीशी फाइल पाठवा. संस्थेचे नाव आणि कोणाचीही खासगी माहिती तेवढी आधी काढून टाका.